किरणोपचारतज्ज्ञ पहिल्या मसलतीतच हवा

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडलेल्या आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाचा विचार शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून करतात. तीच शिस्त गिरगाव-दादरच्या ज्या लहान रुग्णालयांत किरणोपचाराचे यंत्र नाही तेथेही सक्तीची व्हावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण जेथे यंत्र नाही तेथे त्याच्या जाणकाराचीही सहसा आठवण होत नाही, आणि होते तेव्हा केमोच्या कित्येक फेऱ्या उलटून गेलेल्या असतात.

लालबाग-परळच्या चाळींत जुना खोकला आणि थुंकीतले रक्त म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून पुष्कळदा महिनोन्महिने क्षयाची औषधे चालतात, आणि खरे निदान होईतो गाठ छातीच्या मध्यभागातील लसीकाग्रंथींपर्यंत पोचलेली असते. या तिसऱ्या अवस्थेत, रोग दूरवर पसरलेला नसेल आणि रुग्णाची प्रकृती सोसणारी असेल, तर केमो व किरणे एकामागून एक देण्याऐवजी एकाच काळात दिल्याने अधिक रुग्ण दीर्घकाळ जगतात, हे चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. तेव्हा हा निर्णय आरंभीच व्हावयास हवा. श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीवर किती मात्रा टाकता येईल, निरोगी फुप्फुस, हृदय, अन्ननलिका व मज्जारज्जू कितपत वाचतील, हे सांगण्याचा अधिकार एका किरणोपचारतज्ज्ञाचाच. आणि ‘येथे किरणे नकोत’ हा त्याचा अभिप्रायही मला तितकाच मोलाचा वाटतो. गाठ लहान, परंतु विडीने किंवा जुन्या क्षयाने फुप्फुस इतके दुबळे की शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा वृद्धाची गाठ मोजक्या बैठकांच्या अचूक किरणोपचाराने पुष्कळदा आटोक्यात येते, ही गोष्ट कित्येक घरांपर्यंत पोचतच नाही, याचे मला अतोनात दुःख होते.

शिवाय सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस ‘लाइट’ (किरणे) घ्यावी लागेल, हे रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या कुटुंबास आधीच कळले, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अर्ज, कमावत्या मुलाची रजा आणि सोबतीला थांबणाऱ्या माणसाची तजवीज वेळेवर होऊ शकेल.

२०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याने दूरस्थ मसलतीची वाट मोकळी केली आहे. यास्तव केसपेपरवर पहिल्या उपचारापूर्वीच्या तारखेचा किरणोपचारतज्ज्ञाचा शेरा असावा; तो नसेल तर नातलगांनी निःसंकोच मागावा, आणि प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यात आपला अवमान मानू नये.