एकाच घरचे भागधारक

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दर तिमाहीस आपले भागधारक कोण, याचा तक्ता जाहीर करावा लागतो. त्यात एका बाजूला प्रवर्तक आणि दुसऱ्या बाजूला 'सार्वजनिक' भागधारक असतात. ओएनजीसीचा गेल्या काही वर्षांतील तक्ता पाहिला तर प्रवर्तकाच्या रकान्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे, म्हणजेच केंद्र सरकारकडे, सुमारे ५९ टक्के समभाग दिसतात. उरलेले ४१ टक्के जनतेचे, असे समजून वाचक पुढे सरकला तर त्याची फसगत होते. या सार्वजनिक रकान्यात आयुर्विमा महामंडळाचे नऊ ते दहा टक्के, इंडियन ऑइलचे आठ टक्क्यांच्या आसपास आणि 'गेल'चे सुमारे अडीच टक्के समभाग आहेत. ही बेरीज केली की शंभरातील ऐंशीच्या जवळपास समभाग एकाच घरात राहतात. दारावरच्या पाट्या तेवढ्या निरनिराळ्या आहेत.

हा केवळ हिशेबतपासनिसाच्या रुचीचा विषय नव्हे. दिल्लीतील मराठी अधिकारी असो वा नोकरीधंद्यानिमित्त घर सोडून आलेला मराठी माणूस, त्याच्या घरात आयुर्विम्याची एखादी पॉलिसी असतेच; अनेकांच्या खाती या तेल कंपन्यांचे थोडेफार समभागही असतात. शिवाय पंपावर पेट्रोल भरताना आणि कर भरताना तो याच व्यवहाराचा तिसरा आणि चौथा पक्ष असतो. तेव्हा या कंपन्यांचा मालक नेमका कोण आणि तो कोणाच्या हितासाठी मत देतो, हा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे.

ही गुंतागुंत आपोआप झालेली नाही. १९९८-९९ या आर्थिक वर्षात, तिजोरीला पैशाची निकड असताना, सरकारने ओएनजीसी, इंडियन ऑइल आणि गेल यांना एकमेकांचे समभाग विकत घ्यायला लावले. पैसा सरकारी कंपन्यांच्या गंगाजळीतून सरकारी तिजोरीत गेला आणि त्याला निर्गुंतवणूक असे भारदस्त नाव मिळाले. त्याची परिणती अशी की आज इंडियन ऑइलमध्ये ओएनजीसीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ओएनजीसीमध्ये इंडियन ऑइलचा आठ टक्क्यांच्या आसपास. दोघीही एकमेकींच्या भागधारक. पण एकीने दुसरीच्या व्यवस्थापनाला भागधारक म्हणून खडसावल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. दोघींची मालकीण एकच असताना ते संभवतही नाही.

पुढे या व्यवस्थेत आयुर्विमा महामंडळ हा हुकमी खरेदीदार झाला. १ मार्च २०१२ रोजी सरकारने ओएनजीसीचे पाच टक्के समभाग लिलावाने विकावयास काढले आणि किमान भाव २९० रुपये ठेवला. दिवसभर बाजाराने फारसा उत्साह दाखवला नाही. अखेर सुमारे १२,७०० कोटी रुपये गोळा झाले, ते मुख्यत्वे आयुर्विमा महामंडळाच्या खरेदीतून. २४ ऑगस्ट २०१५ रोजी इंडियन ऑइलचे दहा टक्के समभाग विकण्याचा मुहूर्त नेमका बाजार कोसळण्याच्या दिवशी निघाला, तेव्हाही बहुतांश समभाग महामंडळानेच उचलले. विमाधारकांच्या पैशांची गुंतवणूक तेल कंपन्यांत होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो, भाव पटला म्हणून खरेदी झाली की मालकाची अडचण निवारण्यासाठी, हा. मे २०२२ मध्ये महामंडळाचे साडेतीन टक्के समभाग जनतेला विकल्यानंतर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे; कारण आता महामंडळालाही स्वतःचे छोटे भागधारक आहेत.

संस्थात्मक गुंतवणूकदाराची ही कथा, तर 'इनसायडर' म्हणजे आतल्या गोटातील माणसाची कथा त्याहून चमत्कारिक आहे. खासगी कंपनीत प्रवर्तक आणि संचालक यांच्याकडे किती समभाग आहेत, ते कधी विकतात, यावर बाजाराचे बारीक लक्ष असते. सरकारी तेल कंपनीच्या अध्यक्षाकडे स्वतःचे समभाग नाममात्र असतात. त्याची नेमणूक, मुदत आणि बढती सरकारच्या हाती असते. कंपनीचे भवितव्य ठरवणारी खरी माहिती त्याच्या टेबलावर नव्हे, तर मंत्रालयांच्या फायलींत असते. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अप्रकाशित आणि भावावर परिणाम करणारी माहिती ज्याच्याजवळ आहे, तो इनसायडर. सरकारी नोकरांसाठीचे १९६४ चे वर्तणूक नियमही शेअरमधील सट्टेबाजीला मनाई करतात आणि कर्तव्याच्या आड येईल अशी गुंतवणूक निषिद्ध मानतात. उपसचिवासाठी ही चौकट पुरेशी स्पष्ट आहे. पण माहिती आणि समभाग या दोहोंचा सर्वांत मोठा धनी जे खुद्द सरकार, त्याने कधी विकावे आणि विकण्यापूर्वी काय सांगावे, याची तेवढी स्पष्ट चौकट नाही.

ताजे उदाहरण २०२२ चे आहे. मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत सरकारने ओएनजीसीचे दीड टक्के समभाग १५९ रुपये किमान भावाने विकले. १ जुलै रोजी देशांतर्गत कच्च्या तेलावर दर टनामागे २३,२५० रुपयांचा अनपेक्षित नफ्यावरील कर जाहीर झाला आणि त्याच दिवशी समभाग दहा टक्क्यांहून अधिक गडगडला. युक्रेन युद्धामुळे तेल भडकले होते. कराला धोरणात्मक कारण होते, आणि तो मार्चमध्येच ठरला होता असे म्हणण्यास काही आधार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्दही झाला. तथापि हाच प्रकार खासगी प्रवर्तकाने केला असता, म्हणजे आधी हिस्सा विकला आणि तीन महिन्यांत कंपनीच्या नफ्याला कात्री लावणारा निर्णय स्वतःच घेतला असता, तर त्याला किती प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली असती? ४ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी पेट्रोल-डिझेल अडीच रुपयांनी स्वस्त केले. त्यातील एक रुपयाचा भार तेल कंपन्यांनी सोसावा असे सांगितले. भाव बाजाराच्या हाती सोपवल्याची ग्वाही ज्यांनी खरी मानली होती, त्यांचे समभाग दोन दिवसांत आपटले.

या सर्वांवर कळस चढवला तो हिंदुस्तान पेट्रोलियमच्या व्यवहाराने. फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात एकात्मिक तेल कंपनीची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्तान पेट्रोलियमचे ५१.११ टक्के समभाग ३६,९१५ कोटी रुपयांना सरकारकडून घेतले. त्यासाठी कर्जमुक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओएनजीसीला कर्ज काढावे लागले. नियंत्रण बदलले नाही या युक्तिवादामुळे हिंदुस्तान पेट्रोलियमच्या छोट्या भागधारकांना खुला देकार मिळाला नाही. आणि दोन सरकारी कंपन्यांमधील व्यवहारांना भागधारकांच्या मंजुरीतून जी सूट आहे, ती पाहता अशा प्रसंगी अल्पसंख्य भागधारकाचे मत विचारण्याची प्रथाच नाही. पुढे तर मौज झाली. पैसे मोजूनही ओएनजीसीला प्रवर्तक मानण्यास हिंदुस्तान पेट्रोलियमच तयार नव्हती. एकही समभाग हाती नसलेले सरकार प्रवर्तक आणि ५१ टक्क्यांची धनीण ओएनजीसी सार्वजनिक भागधारक, असा तक्ता बराच काळ झळकत राहिला. सेबीने लक्ष घातल्यावर २०१९ मध्ये कुठे दुरुस्ती झाली.

यावर सरकारी बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. या कंपन्या केवळ नफ्यासाठी स्थापन झालेल्या नाहीत. एस्सो आणि बर्मा शेल यांचे सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण झाले ते इंधनाची सूत्रे देशाच्या हाती असावीत म्हणून. संकटकाळी भाव रोखणे हे लोकनियुक्त सरकारचे कर्तव्यच आहे. हे सर्व मान्य. अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात मुंबईचे राम नाईक पेट्रोलियममंत्री या नात्याने हिंदुस्तान आणि भारत पेट्रोलियमच्या खासगीकरणाला विरोध करीत होते, तो याच भूमिकेतून. परंतु सामाजिक कर्तव्य पार पाडायचे असेल तर त्याचा खर्च अर्थसंकल्पात दाखवावा. २०१३-१४ या एका वर्षात ओएनजीसीने सवलतीच्या इंधनापोटी ५६,००० कोटींहून अधिक भार उचलला. ही रक्कम अनुदान म्हणून मागितली असती तर तिच्यावर संसदेत मतदान झाले असते. कंपनीच्या ताळेबंदातून ती गेली, म्हणून ते झाले नाही.

मूळ मुद्दा इथेच येतो. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की ज्या कंपन्या संसदेच्या कायद्याने राष्ट्राच्या झाल्या, त्या संसदेला विचारल्याविना खासगी हाती देता येणार नाहीत. पुढे २०१६ साली कालबाह्य कायद्यांच्या एका मोठ्या गठ्ठ्यात बर्मा शेलच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदाही रद्द झाला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, भारत पेट्रोलियमची विक्री मंत्रिमंडळाने मंजूर केली तेव्हा संसदेची परवानगी घेण्याची गरजच उरली नव्हती. खरेदीदार न टिकल्यामुळे २०२२ मध्ये ती विक्री बारगळली, ही गोष्ट वेगळी. संसदेने आपला अधिकार गमावला तो संघर्षात नव्हे, अडगळ आवरताना.

उपाय क्रांतिकारक नाहीत. मोठ्या आंतर-सरकारी व्यवहारांत अल्पसंख्य भागधारकांचे मतदान अनिवार्य करावे. सरकारी समभागविक्रीच्या आधी आणि नंतर ठरावीक काळ त्या कंपनीविषयीचे कर व भाव यांचे निर्णय घेऊ नयेत, आणि घ्यावेच लागले तर कारण संसदेपुढे ठेवावे. आयुर्विमा महामंडळाने सरकारकडून केलेल्या प्रत्येक मोठ्या खरेदीची कारणमीमांसा सार्वजनिक उपक्रम समितीला द्यावी. स्वतंत्र संचालकांची पदे रिकामी ठेवून शेअर बाजारांचे दंड ओढवून घ्यायचे, आणि नेमणूक सरकारच्या हाती आहे असे कंपन्यांनी उत्तर द्यायचे, हा परिपाठ थांबवावा.

राष्ट्रपतींच्या नावे असलेले समभाग व्यक्तीचे नसतात, प्रजासत्ताकाचे असतात. त्या समभागांच्या वतीने कोण, कधी आणि कशासाठी मत देतो, हे विचारण्याचा अधिकार बाजाराआधी संसदेचा आहे. तो तिने बजावला नाही, तर ओएनजीसीच्या तक्त्यातील 'सार्वजनिक' या शब्दाला काहीच अर्थ उरणार नाही.