मठ, मेजवानी आणि लस

परळला केईएम, टाटाच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला ‘हाफकिन’ म्हटलं की लस आठवते, सापाचं विष आठवतं. मठ काही आठवत नाही.

पण ही जागा मुळात पोर्तुगीज काळातल्या कॅथलिक पाद्र्यांची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती काढून घेतली, पुढे गव्हर्नरसाहेब राहायला आले आणि प्रार्थनेच्या जागी चक्क मेजवान्यांचं दालन झालं! (साहेबाची भूकच मोठी.) मग त्यांना मलबार हिलचा वारा मानवला आणि परळचा बंगला मागे पडला.

प्लेगनं मुंबईला ग्रासलं, तेव्हा १८९९मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा इथं आली. आधी मेणबत्त्या, नंतर पंगती, आता लशीच्या बाटल्या. १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

या अंकाची मुखपृष्ठकथा त्याच वास्तूत शिरते.