उपग्रहाला पान दिसते, बोंड दिसत नाही

गावोगावच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. "भाऊ, वरून फोटो काढून आमचं पीक चांगलं होतं असं सांगतात. ते वरून पाहतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे, कारण त्या पाहण्यावर आता आपले पैसे अवलंबून आहेत.

रेडिओ, मोबाईल, ऊन, दवाखान्यातला एक्स-रे या साऱ्या एकाच कुळातल्या लहरी. फरक फक्त लांबीचा. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटरच्या, रडारच्या काही सेंटीमीटरच्या, तर उजेडाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. उपग्रह यातले मोजके पट्टे वापरतो.

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंत जितकी तफावत जास्त, तितके पीक हिरवे. पान सुकले की तफावत घटते. पण आभाळ भरून आले की हे दोन्ही पट्टे आंधळे होतात. तेव्हा रडार कामी येते. त्याची साडेपाच सेंटीमीटरची लहर ढगातून आरपार जाते. इस्रोने २०१२ साली रिसॅट-१ आणि २०२२ साली ईओएस-०४ हे उपग्रह याचसाठी सोडले.

हे शास्त्र पक्के आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण त्याच्या वापराशी आहे. २०२३-२४ पासून आपल्या राज्याच्या पीक विम्यात कापूस, सोयाबीन, भात व गहू यांचे मंडळातील उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिले गेले.

आता २०१७ चा हंगाम आठवा. झाडे हिरवीगार होती आणि बोंडात गुलाबी अळी होती. वरून पाहणाऱ्याला पीक जोमदारच दिसणार! ज्वारीचेही तेच. दाणा भरताना पाऊस लागला की कणीस काळे पडते, धाटे मात्र हिरवे राहते. ज्वारी उद्या या यादीत आली, तर तोच घोटाळा होईल.

आणखी एक गोष्ट. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या लाल व अवरक्त चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आपल्या कपाशीत तुरीच्या ओळी असतात. एका गुंठ्यात दोन्ही पिके आली, की कपाशी सुकली तरी तुरीची हिरवळ तिच्या खात्यावर जमा होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पीक कापणी प्रयोग कमी करू नयेत आणि ते शेतकऱ्यांसमोर व्हावेत. कोणत्या तारखेची, कोणत्या पट्ट्यातली चित्रे वापरली आणि काय आकडा निघाला, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. दोन आकड्यांत मोठे अंतर पडले, तर शेतात येऊन पुन्हा पाहावे.

आपल्याकडूनही हयगय नको. ई-पीक पाहणीत आंतरपीक न चुकता नोंदवा. पेरणीची तारीख लिहून ठेवा. वेचणीच्या वेळी किती बोंडे किडली, ते चार शेजाऱ्यांसमोर मोजा. हा हिशेब घेऊन जिल्हा बैठकीला या. वरच्या आकड्याला जाब विचारायचा तर आपल्या हाती खालचा आकडा हवा.