उशिराचा भुर्दंड प्रवाशाच्याच माथी

जानेवारी २०२४ मधले ते दृश्य अनेकांना आठवत असेल. गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले आणि तासन् तास ताटकळलेले प्रवासी विमानतळावर, विमानाच्या शेजारीच जमिनीवर बसून जेवले. चित्रफीत देशभर फिरली, मग यंत्रणा हलली. कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. मुंबई विमानतळाच्या चालकांनाही झाला. दंड सरकारजमा होतो. ज्यांची रात्र वाया गेली, त्यांना त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद आपल्याकडे नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे ‘डीजीसीए’ची, प्रवासी सुविधांची नियमावली २०१० पासून लागू आहे. विमान ऐनवेळी रद्द केले तर ५ ते १० हजारांपर्यंत भरपाई, तिकीट असूनही आसन नाकारले तर २० हजारांपर्यंत. विमान उशिरा सुटले तर मात्र भरपाई नाही. कमी अंतराच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणेपिणे, सहा तासांपुढे गेला की दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, रात्रीचे उड्डाण तेवढे लांबले तर हॉटेल. साडेपाच तास खोळंबलेल्या माणसाच्या हातात काउंटरवरून पडते ते सँडविच आणि ज्यूसचे कूपन.

हा उशीर जाहीरही हप्त्याहप्त्याने होतो. फलकावर आधी पाऊण तास, मग दीड, मग तीन. सहा तास लागणार हे सुरुवातीलाच कळले तर माणूस पैसे परत घेऊन दुसरी वाट धरील. हप्त्यांच्या उशिरात ती संधीच मिळत नाही. सकाळी नागपूर खंडपीठात सुनावणी असलेला वकील असो की टाटा रुग्णालयातली तारीख गाठायला निघालेले कुटुंब, विमान रद्द झाले काय आणि सहा तास उशिरा गेले काय, त्यांच्या लेखी नुकसान तेच.

नेमकी हीच गोष्ट युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केली. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम भरपाई देत होता ती विमान रद्द झाल्यास. न्यायालयाने मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचणाऱ्यांनाही ती लागू केली. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. वादळ, धुके यांसारखी कारणे वगळलेली आहेत. पण नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब चालत नाही, हे त्याआधीच्या वर्षीच ठरले होते. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलेबाळे त्या देशांत आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: फ्रँकफर्ट किंवा अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, ते एअर इंडियाचे असले तरी, हा नियम लागू आहे. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान कंपनी युरोपीय असावी लागते. म्हणजे तिथून निघताना जी भारतीय कंपनी भरपाईला बांधील असते, ती मुंबई-नागपूर मार्गावर मोकळी सुटते. हे आम्हाला मुळीच पटत नाही.

भरपाई द्यावी लागली तर भाडी वाढतील, असे कंपन्या सांगतात. थोडी वाढतीलही. पण आज उशिराचा सगळा खर्च प्रवासीच सोसतो, त्याचा हिशेब कुठे लागत नाही इतकेच. आपल्याकडे हे जमणार नाही म्हणावे, तर मुंबई-अहमदाबाद तेजस एक्स्प्रेस २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा तासाभरापेक्षा अधिक उशिराला १०० आणि दोन तासांपेक्षा अधिक उशिराला २५० रुपये देण्याची सोय होतीच.

खरा वाद कारणाचा आहे. दिल्लीच्या धुक्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. ते रास्तच होते. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये, रेल्वे चार तास उशिरा पोहोचल्याने विमान हुकलेल्या प्रवाशाच्या प्रकरणात, उशिराचे कारण सिद्ध करणे हे रेल्वेचे काम ठरवले आणि भरपाई कायम केली. विमान कंपन्यांनाही हाच न्याय हवा. ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ एवढ्या दोन शब्दांवर आज सगळे भागते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा आकाश निरभ्र असलेल्या शहरांतही माणसे अडकली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम कधी लागू होणार, हे कंपनीला फार आधीपासून ठाऊक होते. नियोजनातली ती चूक होती, आणि तिची झळ विमानतळांवर बॅगांना टेकून झोपलेल्या माणसांना बसली.

नियम बदलेपर्यंत प्रवाशांनी गप्प बसू नये. बोर्डिंग पास, बदललेल्या वेळांचे संदेश, टॅक्सी-हॉटेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात, उशिराचे कारण लेखी मागावे. सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे सांगलीचा प्रवासी दिल्लीतल्या कंपनीविरुद्ध सांगलीच्याच जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो.

पण चार-पाच हजारांसाठी प्रत्येकाने आयोगाची पायरी चढावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ‘डीजीसीए’ने नियमावलीत तीन तासांपुढच्या उशिरासाठी ठरावीक रक्कम घालावी. ज्या खात्यातून तिकिटाचे पैसे गेले, त्याच खात्यात ती अर्जाविना जमा व्हावी आणि हवामानाची सबब सांगणाऱ्या कंपनीने त्या वेळची नोंद पुराव्यादाखल दाखवावी.