आजीचे शहाणपण आणि आमचे सोयीचे कान

आजीच्या शहाणपणाचे गोडवे गाण्याची हल्ली एक टूम निघाली आहे. दिवाळी अंकांतून, स्नेहसंमेलनांतील भाषणांतून आणि रोज सकाळी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सुविचारांतून एकच आजी आमच्यापुढे उभी राहते. ती सोसते, झाकून नेते, जुळवून घेते आणि नातीसही तेच करावयास सांगते. ती कोणाकडे काही मागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण! आमच्या मते ही आजी खरी नव्हे. ती आम्ही आमच्या सोयीने घडविली आहे.

खरी आजी पाहावयाची असेल तर परभणी जिल्ह्यात यावे. गोदातीरीचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरची ही दासी दळावयास बसली की विठ्ठल तिला दळू लागे, ही कथा घरोघर सांगतात. परंतु तिच्याच नावावरील अभंगांत तिने त्या विठ्ठलाशी कडाक्याचे भांडण मांडून त्यास चांगले खडसावले आहे, हे मुलींस सांगताना आमची जीभ का अडखळते?

जात्यावरील ओवीचीही तीच गत. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या बायकांच्याही ओव्या आहेत. या भांडारात भावाची माया व पंढरीची ओढ आहे, तसाच सासरचा जाच आणि सीतेच्या वनवासाचा जाबही आहे. आम्ही मात्र मायेची ओवी तेवढी उचलतो आणि जाबाची ओवी जात्याशीच ठेवतो.

कोणी म्हणेल, सोशिकपणाही ओवीनेच शिकविला ना? होय, शिकविला. परंतु पहाटे घर निजलेले असताना जात्यापुढे मन मोकळे करणाऱ्या त्या बाईस दाद मागावयास दुसरी जागाच नव्हती. उपाय नाही म्हणून जे सोसले, ती शिकवण नव्हे. ती केवळ परिस्थिती होय.

हा वाद पुस्तकी नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला. तथापि हक्कसोडपत्रावर सही करून घेतेवेळी आजीच पुढे केली जाते: 'भाऊ आहे तर माहेर आहे, असे आजी म्हणत असे.' आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरी हे वाक्य उच्चारले गेले, मुलीने मुकाट्याने सही केली, आणि तेथे बसलेले आम्हीही मुकाट्याने चहा प्यालो. आजीने भावास आळविले, कारण तिच्या नावे जमिनीचा एक गुंठाही नव्हता. नातीस कायद्याने वाटा मिळाल्यावरही तोच आळवणीचा सूर तिच्या गळ्यात घालावयाचा, हा आजीचा गौरव नव्हे, तिच्या नावाचा गैरवापर आहे.

तेव्हा आजीचे नाव घेणाऱ्यांस आमचे एकच सांगणे आहे: ओवी सांगावयाची तर पुरी सांगा. तिने काय सोसले हे सांगाल तर तिने कोणास जाब विचारला हेही सांगा. आणि पुढच्या वेळी कोणा मुलीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाईल, तेव्हा निदान आजीस साक्षीला बोलावू नका.