मगे शब्द खंय गेले?

परवा मालवणला आईकडे होतो. पावसाचे दिवस, मासेमारी बंद, होड्या सगळ्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. रात्री साडेअकराला झोप येईना म्हणून पडवीत बसून मोबाईलवर अगदी हळू आवाजात जॉन कोल्ट्रेनचा 'बॅलड्स' (1963) लावला. बाबा गेल्यापासून आईलाही झोप कमीच. आतून आवाज आला, "कोण रे गाता?"

"कोण गात नाय गो आये, सॅक्सोफोन आसा."

"मगे शब्द खंय गेले?"

मी हसलो खरा, पण नंतर वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. जॅझमधलं बॅलड म्हणजे मुळात गाणंच. संथ लयीतलं, बहुधा प्रेमाचं, कुणीतरी आधी शब्दांसकट गायलेलं. लेस्टर यंगचं म्हणणं असायचं की वादकाला गाण्याचे शब्द ठाऊक हवेत. डेक्स्टर गॉर्डन तर बॅलड वाजवण्याआधी रंगमंचावर त्याच्या ओळी नुसत्या बोलून दाखवायचा, आणि मग वाजवायचा. म्हणजे शब्द वादकाच्या मनात असतात. आपल्यापर्यंत पोचतो तो त्यांचा श्वास.

आणि श्वासाचंच तर हे वाद्य. अ‍ॅडॉल्फ सॅक्सने 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज येतो तो तोंडाशी लावलेल्या पातळ पट्टीतून. आपल्या सनईला जिव्हाळी असते ना, त्याच नात्यातली ही. (जिव्हाळी... काय सुंदर शब्द आहे!)

म्हणूनच मला राग येतो तो नेटवर मिळणाऱ्या 'रोमँटिक सॅक्सोफोन, तीन तास' या प्रकाराचा. वर वाईनचा ग्लास आणि खिडकीवर पाऊस. ते लावायचं आणि ऐकायचं नाही! थोडा दोष आपल्या सिनेमाचाही. क्लब, दारू, नको तो मोह... की वाजव सॅक्सोफोन. आमचे एक काका तर तो वाजला की रेडिओचा आवाजच कमी करायचे. "बारातलां म्युझिक," म्हणायचे.

पण त्याच काकांच्या आवडत्या गाण्यांत तो होताच की! 'काश्मीर की कली' (1964) मधलं 'है दुनिया उसी की' घ्या, नाहीतर 'गाइड' (1965) मधलं 'तेरे मेरे सपने'. दोन्हींत रफीच्या आवाजाला बिलगून वाजतो तो मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. 1958 साली ते कलकत्त्याहून मुंबईला आले आणि 2010 मध्ये गेले. त्यांच्या आजूबाजूला बसणारे कितीतरी वादक आमच्या तेरेखोलपलीकडचे, गोव्याचे. चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन शिकलेले. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक सगळ्यांची नावं असत. ह्यांची सहसा नसत. आपण त्यांचं वाजवणं तोंडपाठ केलं आणि ती माणसं अनोळखी राहिली, हे मला बरं वाटत नाही.

रात्र जागवणं आम्हा कोकणातल्यांना नवीन नाही. दशावतार रात्रभर चालतो, भजनाची डबलबारी पहाटेपर्यंत रंगते. पण ते सगळं गावाने मिळून जागायचं. एकट्याने जागायची रात्र असते तेव्हा काय ऐकायचं? माझं मत विचाराल तर बॅलड. तीन तासांचं नको, एकच. चार-पाच मिनिटांचं, दिवा मालवून, दुसरं काही न करता. आणि वाजवणाऱ्याचं नाव माहीत करून घेऊन.

दुसऱ्या रात्री मी मुद्दाम 'गाइड'मधलं ते गाणं लावलं. आई उठून पडवीत आली, खांबाला टेकून बसली.

"ह्यो कालचोच मां?"

"वाद्य तांच, माणूस दुसरो. मनोहारी सिंग."

ती काही बोलली नाही. मधे सॅक्सोफोन एकटा वाजू लागला तेव्हा बघितलं, तर तिचे ओठ हलत होते. रफी थांबला होता आणि ती शब्द म्हणत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "दाढी करताना ह्यांच म्हणायचे तुझे बाबा. सूर मात्र धड लागायचो नाय."

मग आम्ही ते परत एकदा लावलं.