पहाटेचा एक तास

उन्हाळ्याच्या सुटीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा मुलांच्या बाजूने लिहिलेले असते. आजोळ, आंबे, पत्त्यांचे डाव, झाडाला बांधलेला झोका यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. त्याच सुटीत घरातल्या मोठ्या माणसाचा दिवस कसा जातो, याची नोंद मात्र फारशी कोणी ठेवत नाही. त्याविषयी मला आज काही सांगायचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण घ्यायचे आहे ते जयपूरचे. तेथील उन्हाळा इतका कडक असतो की घराघरांत एरवी झाकून राहणारा एक प्रश्न तो उघड्यावर आणतो.

माझ्या परिचयाचे एक मराठी कुटुंब नोकरीतील बदलीमुळे जयपूरला राहते. घरात आई, वडील आणि दोन मुले. थोरला दहा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची. दोघेही एका जागी पाच मिनिटे न टिकणारी. आईला धावण्याचा छंद आहे. ती कोणी नामांकित खेळाडू नाही. हिवाळ्यात शहरात होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये हौसेने भाग घेणाऱ्या शेकडो लोकांपैकी ती एक. शर्यत हिवाळ्यात असली तरी सराव बारमाही ठेवावा लागतो. काही आठवडे धावणे पूर्ण थांबले की कमावलेला दम ओसरू लागतो, हे धावणारा प्रत्येक जण जाणतो.

आता जयपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. आपल्याकडचा शेतकरी रोहिणी लागली की आभाळाकडे पाहू लागतो, वळवाच्या सरीची वाट पाहतो. राजस्थानात त्याच दिवसांना ‘नौतपा’ म्हणतात, म्हणजे तापाचे नऊ दिवस. पारा चाळीस अंशांच्या बराच वर चढतो आणि दुपारी लू, म्हणजे अंग भाजून काढणारा कोरडा वारा, सुटतो. याच राज्यातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. संध्याकाळ झाली म्हणून सुटका होते असेही नाही. दिवसभर तापलेल्या भिंती, गच्च्या आणि डांबरी रस्ते आपल्या पोटातली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात. मध्येच धुळीचे वादळ उठते ते वेगळेच. राहता राहिली पहाट. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सात-साडेसातला ऊन चटका देऊ लागते. मोकळ्या हवेत मनसोक्त हालचाल करावी असा दिवसभरात खरोखर तेवढाच काय तो वेळ.

आणि तोच वेळ मुलांनाही हवा असतो. येथे खरा पेच आहे. आईने तो तास धावण्यात घालवला तर मुले घरात कोंडली जातात; तो मुलांना दिला तर आईचे धावणे बुडते. पुण्यात किंवा नाशिकात हा प्रश्न ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून पुढे ढकलता येतो. जयपुरात ती सोय नाही.

अशा वेळी नातेवाईक आणि शेजारी जो निकाल देतात तो ठरलेला असतो. ‘मुलांना सुटी आहे, दोन महिने धावली नाहीस तर काय बिघडेल?’ हा सल्ला देणारे लोक वाईट नसतात. परंतु घरातले वडील जर पहाटे धावायला जात असते तर हाच प्रश्न त्यांना विचारला गेला असता का? माझ्या मते नसता. त्यांच्या धावण्याला आपण ‘प्रकृतीची काळजी’ म्हटले असते. बाईच्या धावण्याला ‘हौस’ म्हणतो, आणि हौस ही नेहमीच काटछाटीच्या यादीत वरच्या क्रमांकावर असते.

ही गोष्ट केवळ आपल्या समाजाची नाही. १९४८ साली लंडन येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोन यांनी धावण्याच्या शर्यतींत चार सुवर्णपदके मिळवली. त्या वेळी त्या तीस वर्षांच्या होत्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. स्पर्धेला जाण्यापूर्वी त्यांच्यावर टीका झाली. बाईने घर आणि मुले सांभाळावीत, असा उपदेश त्यांना ऐकावा लागला. त्याच स्पर्धेत उतरलेल्या मुलाबाळांच्या बापांना कोणी असा उपदेश केल्याचे ऐकिवात नाही. फॅनीबाई मात्र सरावाला जाताना मुलांना बरोबर नेत असत. आई धावे आणि मुले मैदानावरच्या वाळूत खेळत.

आपल्याकडचे उदाहरण बारामतीच्या लता करे यांचे. पतीच्या उपचारासाठी पैसा हवा म्हणून साठीच्या घरातल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि २०१९ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. तरी माझ्या मनात एक शंका डोकावते. लताबाई पतीसाठी न धावता केवळ धावण्याचा आनंद मिळावा म्हणून धावल्या असत्या, तर गावाने टाळ्या वाजवल्या असत्या की नाके मुरडली असती? कुटुंबासाठी झिजणारी बाई आपल्याला भावते. स्वतःसाठी एक तास मागणारी बाई आपल्याला अडचणीची वाटते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न परका वाटणार नाही. घर, नोकरी किंवा मजुरी सांभाळून जे पुन्हा पुस्तक हाती घेतात, त्यांना पुस्तक उघडताच कोणती हाक येते हे ठाऊक आहे. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्यही ऐकलेले आहे. पहाटे धावणाऱ्या आईचा तास आणि रात्री भांडी आवरून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थिनीचा तास हे एकाच जातीचे आहेत.

त्या जयपूरच्या घराने या पेचातून जी वाट काढली ती मला पटते. आई साडेचारला उठते. पाच वाजता सारे घर बाहेर पडते. शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क आहे. तेथे फिरण्यासाठी लांब वाट आहे. आई त्या वाटेवर धावते. वडील मुलांबरोबर हिरवळीवर थांबतात. तेथे इतर मुलेही असतात आणि सितोलियाचा डाव रंगतो. सितोलिया म्हणजे आपली लगोरी. दगडांची उतरंड तीच, चेंडू तोच, भांडणेही तीच. आईची फेरी पूर्ण होऊन ती जवळून गेली की मुले ओरडून तिला फेऱ्यांची संख्या सांगतात, आणि ती बहुधा चुकीची असते. उन्हाळ्यात आई वेग कमी ठेवते, कारण उष्णतेला शरीर सरावायला दहा-पंधरा दिवस लागतात. पाण्याची बाटली आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत सोबत असते. साडेसहाला सारे परततात.

मुलांनी आईच्या मागोमाग धावावे, घड्याळ लावून फेऱ्या माराव्यात, असा आग्रह येथे कोणी धरीत नाही, ही गोष्ट मला विशेष आवडते. मूल धावते ते फुलपाखरासारखे; दहा पावले झेप, मग थांबणे, मग मुंगी पाहणे, मग पुन्हा झेप. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी असे सांगते. लगोरीत ती आपोआप होते. त्यासाठी शिबिराची पावती फाडावी लागत नाही.

दुपार अधिक अवघड. पडदे ओढलेले, कूलर घरघरत असतो आणि त्यात पाणी ओतण्याचे काम मुले भांडून मिळवतात, कारण त्यात अंग भिजवता येते. खाटेचा किल्ला होतो, चादरीचे तंबू होतात. ताकाचा आणि कैरीच्या पन्ह्याचा फडशा पडतो. पण दोन वाजता आई झोपते. साडेचारला उठलेल्या माणसाला ती झोप हवीच. त्या तासाभरात तिला उठवायचे नाही, हा घरचा नियम आहे आणि तो वडिलांनी घालून दिला आहे. पहिल्या आठवड्यात तो रोज मोडला गेला. पाण्याचा पेला सांडला, बहिणीने चावा घेतला, ‘आई, तू झोपलीस का?’ हेही विचारून झाले. हळूहळू मुले शिकली. कंटाळा आला तर येऊ द्यावा, त्यातून काही तरी खेळ निघतोच.

येथे कोणी म्हणेल, पूर्वी अशी यातायात नव्हती. मुले आजोळी जात, सांभाळायला दहा माणसे असत. खरे आहे. परंतु त्या आजोळात दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करणारी मामी आठवते का? तिला एक तास तरी मिळत होता का? आठवणींतल्या सुट्या गोड लागतात, त्याचे एक कारण असे की त्यातली चुलीजवळची बाजू आपण पाहिलेली नसते.

प्रत्येक घराला पार्क जवळ असतो असे नाही, हे मला मान्य आहे. तटबंदीच्या आतील जुन्या जयपुरात गल्ल्या अरुंद आहेत. परंतु १७२७ मध्ये वसवलेल्या या नगराचे मुख्य रस्ते सरळ व रुंद आखलेले आहेत आणि बाजार उघडण्यापूर्वी ते बरेच मोकळे असतात. जवळच रामनिवास बाग आहे. महाराजा सवाई रामसिंह यांनी १८६८ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून ती उभारली. संकटाच्या काळी उभी राहिलेली ही मोकळी जागा दीडशे वर्षांनंतरही श्वास घ्यायला उपयोगी पडते. आपल्या नगरपालिकांनी उन्हाळ्यात बागा सूर्योदयापूर्वी उघडाव्यात, तेथे पिण्याचे पाणी, दिवे आणि स्वच्छ स्वच्छतागृहे ठेवावीत. अंधारात एकटीने धावायला निघणाऱ्या बाईला दिव्याचा खांब किती मोलाचा वाटतो, हे ठेके देणाऱ्यांनी कधी तरी पहाटे पाचला स्वतः येऊन पाहावे.

महाराष्ट्रात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो आणि पाठोपाठ शाळा सुरू होतात. जयपूरला पावसाची वाट जूनअखेरपर्यंत पाहावी लागते. शाळा उघडल्या की तेथे त्या सकाळी लवकर भरतात. मग पहाटेच्या त्याच तासात डबे करायचे, गणवेश शोधायचे, धाकटीच्या वेण्या घालायच्या. डबा कोणी करायचा आणि वेण्या कोणी घालायच्या, हे त्या घरात सुटी संपण्यापूर्वीच ठरले आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार वडिलांकडे आहेत. वेणी त्यांना अजून नीट जमत नाही. धाकटी सध्या रोज दुपारी त्यांच्याकडून सराव करून घेते आहे.